बॅनर लागला की पोरगा पडतो, हे खरं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारा दर हंगामात बदलतो, प्रश्न तोच राहतो. पोरगं जत्रेच्या मैदानात ओळीनं तीन कुस्त्या मारतं, नाहीतर बेळगावच्या सरदार्स मैदानावरच्या टेनिस बॉल स्पर्धेत मालिकावीर होतं. गल्लीच्या तोंडाला दहा बाय आठचा बॅनर लागतो, फेटा, शाल, श्रीफळ सगळं होतं, आणि महिन्याभरात त्याचा गुडघा तरी जातो नाहीतर फॉर्म तरी. मग कट्ट्यावर निकाल लागतो: "बरा खेळूलालता की, कुणाची दिष्ट लागली काय की!" तर दृष्ट लागते का, कुणी करणी करतं का, आणि बॅनर लावावा की लावू नये?

बॅनर लागल्यावर खेळ उतरतो, हे पुष्कळदा खरंच असतं. उगीच कुणाला खोटं पाडायचं कारण नाही. फक्त त्याचं कारण बॅनरकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत नसतं, बॅनर कधी लागतो त्यात असतं.

हा समज एकट्या बेळगावचा नाही. अमेरिकेत 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाचा पहिला अंक 1954 साली निघाला, मुखपृष्ठावर एडी मॅथ्यूज हा बेसबॉलपटू. थोड्याच दिवसांत त्याचा हात दुखावला, आणि तेव्हापासून 'मुखपृष्ठावर आला तो पडला' हे तिथं पक्कं झालं. 2002 मध्ये त्याच साप्ताहिकानं या अंधश्रद्धेवरच अंक काढला, तेव्हा कर्ट वॉर्नर या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यानं काळ्या मांजरासोबत फोटो काढायला नकार दिला. शेवटी मुखपृष्ठावर एकटं मांजर छापलं. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन मात्र त्याच मुखपृष्ठावर पन्नासच्या आसपास वेळा आला. त्याला बाधलेलं हे मुखपृष्ठ कुणाच्या लक्षात नाही, कारण बाधलंच नाही.

आता हिशेब बघू. समजा एका फलंदाजाच्या हंगामातल्या सलग 15 खेळ्या अशा आहेत, आणि तो प्रत्येक वेळी बाद झालाय: 14, 41, 6, 33, 22, 48, 0, 76, 92, 61, 18, 37, 9, 44, 27. बॅनर कुठं लागणार? अर्थात 76, 92, 61 नंतर. पुढच्या पाच डावांची सरासरी 27. तीन डावांत 229 धावा काढणारा पोरगा एकदम 27 वर आला म्हटल्यावर कुणालाही दृष्टच आठवेल. पण त्या तीन डावांच्या आधीच्या सात डावांची सरासरी काढा. ती 23.4 भरते. म्हणजे बॅनरनंतर पोरगा आधीपेक्षा थोडा चांगलाच खेळतोय. आपण त्याची तुलना त्याच्या स्वतःशी न करता त्याच्या सर्वांत चांगल्या आठवड्याशी करतो, आणि मग तो आठवडा पुन्हा आला नाही म्हणून शेजारणीकडे संशयानं बघतो.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1886 साली हेच उंचीबाबत दाखवलं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा त्यांच्याइतकी नाहीत. टोकाची गोष्ट घडायला कसब आणि नशीब दोन्ही एका वेळी जुळून यावं लागतं. कसब दुसऱ्या दिवशीही असतं, नशिबाची खात्री नाही. बॅनर, सत्कार, पेपरातला फोटो हे सगळं टोकावरच होतं. शून्यावर बाद झालेल्याचा बॅनर लावून बघा. पुढच्या डावात तो बहुधा सुधारेल, आणि लोक म्हणतील बॅनर लाभला.

हे स्वतः तपासायचं असेल तर वही घ्या आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी चार रकाने आखा. बॅनर लागला आणि खेळ उतरला. बॅनर लागला आणि उतरला नाही. बॅनर नव्हता आणि उतरला. बॅनर नव्हता आणि उतरला नाही. गावातल्या सगळ्या खेळाडूंची नावं भरा, आवडत्यांची तेवढी नको. 'उतरला' म्हणजे काय तेही आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ पुढच्या दहा डावांची सरासरी गेल्या वर्षीच्या सरासरीच्या खाली. कट्ट्यावरच्या चर्चेत फक्त पहिला रकाना भरलेला असतो, बाकीच्या तिघांना कुणी विचारत नाही. तिसरा रकाना भरायला लागलात की बरंच काही कळतं. ज्यांचं कुणी कौतुक केलं नाही तेही तितकेच पडत असतात.

पण सगळं योगायोगावर ढकललं तर तेही अर्धवट उत्तर होईल. जिंकल्यावर परिस्थिती खरोखर बदलते, आणि कुस्तीत ती सर्वांत जास्त बदलते.

मैदानात जोड कशी लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. कमिटी आणि वस्ताद बसून वजन, वय, आधीच्या कुस्त्या बघून जोडी ठरवतात. तीन कुस्त्या मारलेल्या पोराला चौथी जोड आधीच्या वजनाची, आधीच्या तयारीची मिळत नाही. त्याला वरची जोड मिळते, कारण इनाम वाढवायचं असतं आणि बघायला आलेल्यांना काटा कुस्ती हवी असते. येळ्ळूरसारख्या मोठ्या मैदानात तर बाहेरच्या जिल्ह्यातला, बाहेरच्या राज्यातला मल्ल समोर येतो. म्हणजे विजयाचं बक्षीस म्हणूनच अवघड प्रतिस्पर्धी दिला जातो. तो हरला तर करणी कशाला हवी?

दुसरं, मोबाइल. पूर्वी मल्लाचा हातखंडा डाव दोन-चार तालमींच्या पलीकडे माहीत नसायचा. आता मैदानाबाहेर पडायच्या आत चित्रण गावोगाव पोचतं. हा पट काढायला आधी उजवा पाय टाकतो, घिस्सा मारताना डावा कोपर उघडा पडतो, एवढं दिसलं की समोरचा वस्ताद पोराकडून महिनाभर त्यावरच मेहनत करून घेतो. क्रिकेटमध्येही तेच. मिडविकेटवरून षटकार मारणाऱ्याला दुसऱ्या स्पर्धेत कुणी पायात चेंडू देत नाही, ऑफस्टंपच्या बाहेर वाइड यॉर्कर मिळतो. जुन्या वस्तादांचा 'तयारी दाखवू नये, नजर लागते' हा नियम या अर्थानं अगदी शहाणपणाचा आहे. नजर लागते ती समोरच्या वस्तादाची.

तिसरं, सत्कार. एकदा नाव झालं की गल्लीचा वेगळा, मंडळाचा वेगळा, पाव्हण्यांच्या गावचा वेगळा. ट्रॉलीवर उभं राहून डीजेच्या पुढं रात्री एकपर्यंत मिरवणूक, वर मटणाचं जेवण, पहाटेचा व्यायाम बुडालेला. असं दोन-तीन आठवडे चाललं की आधी दम जातो, ताकद थोडी मागून जाते. म्हणून फसगत होते. पोराला दंडात जोर वाटतो, वजनही कमी झालेलं नसतं, पण पाचव्या मिनिटाला धाप लागते. बघणारे म्हणतात, 'अंगात काहीतरी शिरलंय.'

आयपीएलचं विचारणारे तर घरटी एक. आपल्याकडे एका घरात मुंबई आणि बेंगळुरू असे दोन पक्ष असतात, त्यामुळं विराटला शाप होता का हा वाद जेवणाच्या ताटावरही चालतो. 2016 मध्ये त्यानं एका हंगामात 973 धावा केल्या, चार शतकं ठोकली, आणि अंतिम सामना हैदराबादकडून 8 धावांनी गेला. यापेक्षा पक्का पुरावा काय हवा, असं म्हणतात. पण गणित करून बघा. आठ-दहा संघ आहेत, सगळ्यांना समान संधी आहे असं धरलं, तर ठरावीक एक संघ पहिले 17 हंगाम कोरडा राहण्याची शक्यता साधारण शंभरात बारा येते. सुरुवातीचे आठ संघ धरले तर असा एखादा निघणं अगदी साहजिक. प्रत्यक्षात 2024 अखेर तीन होते: बेंगळुरू, दिल्ली आणि पंजाब. दिल्ली-पंजाबला शाप आहे असं इथं कुणी म्हणत नाही, कारण त्यांच्यात आपला जीव अडकलेला नाही.

3 जून 2025 ला बेंगळुरूनं पंजाबला 6 धावांनी हरवून कप जिंकला, तेव्हा लगेच विराटची 18 नंबरची जर्सी, 18 वा हंगाम, म्हणून शाप सुटला असा हिशेब निघाला. हा हिशेब कप आल्यावरचा. आणि दुसऱ्याच दिवशी बेंगळुरूत स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत 11 माणसं गेली. त्याला तरी कुणी दृष्ट म्हणू नये. सत्काराची घाई आणि गर्दीचं नियोजन नसणं याची कारणं माणसांपाशीच शोधावी लागतात.

सचिनच्या शंभराव्या शतकाचीही तीच गत. 99 वं 12 मार्च 2011 ला नागपुरात, शंभरावं 16 मार्च 2012 ला मीरपूरला. मधे ओव्हलवर 91, वानखेडेवर 94. वर्षभर सगळे म्हणत होते आकड्याला नजर लागली. त्याच वर्षात भारतानं विश्वचषक जिंकला, तो हिशेबात धरायचा राहून जातो.

आता दृष्ट काढण्याबद्दल, कारण खरा प्रश्न पुष्कळदा आईचा असतो: काढू की नको? आपल्याकडची रीत अशी. मूठभर खडे मीठ, चमचाभर मोहरी, देठासकट 5 किंवा 7 सुक्या मिरच्या, काही घरांत झाडूची काडी आणि तिकाटण्यावरची, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथली माती. तिन्हीसांजेला पोराला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, मूठ डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायची, तोंडानं आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची असं म्हणायचं आणि मूठ निखाऱ्यात टाकायची. ठसका उठला तर काही नव्हतं. उठला नाही तर दृष्ट जबर होती.

ही परीक्षा नेमकी कशाची होते ते जवळून बघण्यासारखं आहे. ठसका येतो मिरचीतल्या तिखट द्रव्यामुळं. ते धुरावाटे हवेत आलं पाहिजे. निखारे लालबुंद असतील आणि वर ज्वाळ असेल, तर मिरची झटकन जळून जाते, धूर कमी. निखारे राखेनं अर्धे झाकलेले असतील तर मिरची धुमसत राहते आणि घर खोकायला लागतं. मिरची कुठली तेही बघा. ब्याडगी रंगाला गडद, तिखटाला सौम्य, तिचा ठसका बेताचाच. संकेश्वरी घातलीत तर सगळी गल्ली साक्ष देईल. पावसाळ्यात सादळलेली मिरची आधी फुसफुसते, मग धुमसते. तडतड होते ती मोहरीची आणि खडे मिठाची. मिठाच्या खड्यात अडकलेलं पाणी तापून खडा फुटतो, बारीक मिठाला ते जमत नाही. गॅसवर तवा ठेवून करणाऱ्या घरांत तवा किती तापलाय यावर सगळा निकाल. म्हणजे त्याच पोराची, त्याच संध्याकाळी, दोन चुलींवर दृष्ट काढली तर एका चुलीवर ती असेल आणि दुसऱ्या चुलीवर नसेल.

तरीही काढू नका असं मी सांगत नाही. हरून आलेलं पोर पाच मिनिटं आईसमोर गप्प बसतं, कुणी त्याला 'का हरलास' विचारत नाही, यात वाईट काही नाही. फक्त मूठ डोळ्यांपासून लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि दमा असलेल्याला त्या खोलीत बसवू नका. स्पर्धा दुसऱ्या दिवशी असेल तर धूर टाळाच. घसा आणि छाती चिडलेली घेऊन मैदानात उतरणं हा खरा अपशकुन.

जिथं मी हात जोडून अडवतो ती जागा दुखापतीची. दोन दुखापती अशा आहेत की ज्या हमखास दृष्टीच्या खात्यात जातात.

पहिली गुडघ्याची. पाय मातीत किंवा मॅटवर रुतलेला असतो, शरीर फिरतं, आतून टक्कन आवाज येतो, आणि काही तासांत गुडघा फुगतो. हे लक्षण आतला लिगामेंट (एसीएल), म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा पट्टा, गेल्याचं असू शकतं. यात फसवणारी गोष्ट पुढं असते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, पोरगा सरळ चालायला लागतो. त्या मधल्या दिवसांत मीठ-मोहरी झालेली असते, देवऋषाचा अंगाराही आलेला असतो, सगळं श्रेय तिकडं जातं. पोरगा तालमीत परततो, पहिल्याच कलाटणीला गुडघा दगा देतो, आणि आता लिगामेंटबरोबर आतली गादीही फाटते. सरळ चालता येणं म्हणजे गुडघा बरा होणं नव्हे. जिना उतरताना किंवा वळताना गुडघा निसटल्यासारखा वाटत असेल तर हाडाच्या डॉक्टरकडून हातानं तपासून घ्या, सांगितलं तर एमआरआय करा. शस्त्रक्रिया झाली तर आखाड्यात परतायला नऊ महिने तरी धरा. पाचव्या महिन्यात 'आता बरा आहे की' म्हणणारे पाहुणे घरी येतील, त्यांना चहा द्या आणि पाठवून द्या.

दुसरी कमरेची, वेगवान गोलंदाजांची, तीही 14 ते 19 वयातल्या पोरांची जास्त. उजव्या हाताच्या गोलंदाजाची कंबर बहुधा डाव्या बाजूला दुखते, मागं वाकलं की जास्त. मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर जात असते. साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही, आणि 'रिपोर्ट नॉर्मल, पोरगं तरी कण्हतंय' म्हणजे बाहेरचंच काहीतरी, असा निष्कर्ष घरात निघतो. खरं कारण आपल्या स्पर्धांच्या वेळापत्रकात असतं. दोन महिने हातात चेंडू नाही, मग चार दिवसांत सात सामने, प्रत्येक सामन्यात नवा चेंडू यालाच. टेनिस बॉल हलका असला तरी पाय आपटतो तो पूर्ण वजनानंच. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं 15 वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजासाठी बरीच वर्षं एका स्पेलला 6 आणि दिवसाला 12 षटकं ही मर्यादा ठेवली होती. आपल्याकडे फायनलच्या दिवशी पोरगा किती षटकं टाकून बसला हे स्कोअररलाही संध्याकाळी बेरीज करून सांगावं लागतं. दुखणं दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर गोलंदाजी बंद आणि एमआरआय. उशीर केला तर काही आठवड्यांचं काम काही महिन्यांवर जातं.

करणीबद्दल थोडक्यात, कारण त्यात उकरण्यासारखं काही नाही. आखाड्यात लिंबू सापडलं म्हणून ओरडण्याआधी लक्षात घ्या की लाल माती तयार करतानाच तिच्यात लिंबू, हळद, ताक, तेल, कापूर घालतात. टाचण्या टोचलेलं सापडलं तर टाचणी कुणाच्या पाठीत जाऊ नये म्हणून ते काढा, माती चाळा, विषय संपवा. पण 'कुणी केली' हा प्रश्न विचारू नका. कारण त्याचं उत्तर दर वेळी एखाद्या विधवा बाईकडे, मूल नसलेल्या भावजयीकडे नाहीतर समोरच्या तालमीकडे जातं. पोराचा गुडघा बरा होतो, तो बोल त्या बाईला जन्मभर चिकटतो. आणि करणी उतरवतो म्हणून पैसे घेणारा निपाणीच्या अलीकडचा असो की कागलच्या पलीकडचा, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, कर्नाटकाचा 2017 चा आणि जानेवारी 2020 पासून लागू. घरात मीठ-मोहरी उतरवणाऱ्या आजीशी या कायद्यांचं काही देणंघेणं नाही.

राहिला बॅनर. लावा, पण हंगाम संपल्यावर. कमिटीनं गावात एकच सत्कार धरावा, रात्री नऊच्या आत उरकावा, आणि पुढच्या कुस्तीला आठवडा तरी बाकी असावा. पैसे जमले असतील तर मिरवणुकीच्या डीजेपेक्षा पोराच्या वर्षभराच्या खुराकाला किंवा फिजिओथेरपीला द्यावेत. बॅनरवर बावीस पुढाऱ्यांचे फोटो आणि कोपऱ्यात खेळाडू, हे मात्र कुठल्याही दृष्टीपेक्षा वाईट दिसतं.

काळ्या दोऱ्याचं आणि ताईताचंही विचारता. मातीतल्या कुस्तीत कुणी हरकत घेत नाही, पण मॅटवर अंगावर साखळी, कडं, ताईत चालत नाही, पंच उतरवायला लावतात. फुटबॉलमध्येही दागिना, रबरबँड, चामड्याचा पट्टा बंद, वर चिकटपट्टी गुंडाळली तरी बंद. ऐन वेळी आईनं बांधलेला ताईत पंचानं उतरवायला लावला की पोराचं चित्त तिथंच सांडतं. म्हणून तो आधीच, घरीच, किट बॅगेच्या आतल्या कप्प्याला बांधून ठेवायचा.